नमुना अधिकारी

बद्रीनाथ खरवडे नक्की काय काम करतात, हे धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत कोणालाही नीट सांगता आलं नसतं, आणि त्या 'कोणालाही'मध्ये स्वतः खरवडेही येत. साल २००७. सोसायटीच्या प्रत्येक मजल्यावरून एक तरी मुलगा हिंजवडीला जात होता. तो तिथे काय करतो हे त्याच्या आईलाही सांगता येत नसे, पण त्याचं काम न समजणं ही अभिमानाची बाब होती आणि खरवड्यांचं न समजणं ही संशयाची. कोणी विचारलंच तर खरवडे म्हणत, "मी जोडतो." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा त्यांना बोलावून गळका नळ दाखवला. खरवड्यांनी तो पाहिला, पाणीपुरवठा आणि लोकसहभाग यावर चार वाक्यं बोलले, चहा घेतला आणि नळ होता तसा ठेवून घरी आले.

तर ते जोडत होते अभ्यासक आणि अधिकारी. एरंडवण्यात एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये नागरी अभ्यास केंद्र नावाची संस्था होती आणि खरवडे तिचे समन्वयक होते. संस्थेचं म्हणणं असं, की या शहरात लोकशाहीवर लिहिणारे पुष्कळ आहेत, लोकशाही चालवणारेही पुष्कळ आहेत, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख नाही. अभ्यासकांना वाटतं, अधिकाऱ्यांना वेळ नसतो. अधिकाऱ्यांना वाटतं, अभ्यासकांना तेवढाच असतो. दोघांना एका टेबलाशी बसवलं आणि समोर प्रभागातले लोक बसवले, तर सभेत नुसत्या सह्या न होता थोडं बोलणंही होईल आणि त्यातलं एखादं वाक्य अंदाजपत्रकात जाईल. कल्पना वाईट नव्हती. फक्त त्यासाठी कोणी तरी रोज पीएमटीच्या बसनं हिंडून 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे ऐकून यायला हवं होतं. ते खरवडे ऐकून येत.

ऐकून घ्यायची सवय त्यांना जुनी होती. देश खुला झाला त्या वर्षी, म्हणजे एक्क्याण्णव साली, खरवडे वाशिमहून पुण्यात आले आणि सदाशिव पेठेत एका कॉटवर बंद झाले. मोठा अधिकारी व्हायचं होतं. पूर्वपरीक्षा ते सहज पास होत, मुख्य परीक्षा कष्टानं, आणि मुलाखतीत हमखास नापास. पण त्यांच्या आयुष्याला वळण लागलं ते परीक्षेमुळे नाही, खाणावळीमुळे. पहिल्याच दिवशी ते मेसच्या बाईंना म्हणाले, "मले थोडी भाजी द्या." बाई म्हणाल्या, "मले नाही, मला. आणि भाजी संपली." त्या दिवशी खरवडे कोरडी पोळी खाऊन उठले ते शुद्ध मराठीचा निश्चय करूनच. पुढे त्यांचं मराठी इतकं शुद्ध झालं की पुणेकरांनाही समजेनासं झालं. मोबाइलला ते भ्रमणध्वनी म्हणत, झेरॉक्सला छायाप्रत, आणि छायाप्रत मागितल्यावर दुकानदार पासपोर्ट साइजचे फोटो काढायला बसवी, तर तेही निमूट काढून घेत.

त्यांच्या बायकोचं, भाग्यश्रीचं, या निश्चयावर काही म्हणणं नव्हतं. ती सिंहगड रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची. दिवसभर लोकांना सुया टोचून घरी आल्यावर नवऱ्याचं बोलणं तिला टोचत नसे.

त्या वर्षी मात्र खरवड्यांच्या मानेवर खरोखरच सुरी होती. केंद्राला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या संस्थेची माणसं पाहणीला यायची होती. त्यांना कागद नको होते. अभ्यासक, अधिकारी आणि नागरिक एका सभेत बसलेले डोळ्यांनी पाहायचे होते. दिसले तर समन्वयकाचं पद आणखी एक वर्ष राहणार होतं. नाही दिसले तर केंद्राच्या संचालकांच्या डोक्यात दुसरी योजना तयारच होती. हल्लीच ते म्हणू लागले होते, की जोडायला माणूस कशाला हवा, ईमेल आहे की. खरवडे चाळिशी ओलांडलेले होते. मुलाखतीत नापास होण्याचा दांडगा अनुभव एवढीच त्यांची पात्रता; ती घेऊन दुसऱ्या कुठल्या दारात उभं राहायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. ईमेलशी स्पर्धा परीक्षा असेल असं त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं.

केंद्रातला त्या वर्षीचा अभ्यास डॉ. अफशीन बागवान यांचा होता. मंडईतले फळवाले जब्बारभाई बागवान यांची ही मुलगी. बोलायला मोकळी, कामाला कडक. प्रभागाच्या सभेला लोक का येत नाहीत, हा तिचा प्रश्न. त्यासाठी महापालिकेची काही क्षेत्रीय कार्यालयं तिनं सॅम्पल म्हणून घेतली होती. त्यात पेठेतलं एक कार्यालय होतं, आणि तिथले क्षेत्रीय अधिकारी होते श्रीधर निरगुडकर.

निरगुडकर फारसं बोलत नसत. उद्यान, अतिक्रमण, जन्ममृत्यू, स्मशान आणि पुन्हा उद्यान अशा बदल्या खाऊन ते इथे आले होते. प्रत्येक बदलीमागे कोणाचा तरी शब्द किंवा कोणाची तरी खुन्नस होती आणि ती कोणाची हे त्यांना दर वेळी नावानिशी माहीत असे. अभ्यासकांविषयी त्यांचं एक ठाम मत होतं. हे लोक येतात, दोन तास प्रश्न विचारतात, चहा पितात, जातात, आणि पुढे काय सापडलं ते सांगायला एकही परत येत नाही. "रक्त नेतात, रिपोर्ट देत नाहीत," असं ते म्हणत. हे खरवड्यांनी घरी सांगितलं तेव्हा भाग्यश्री म्हणाली की माणूस बरोबर बोलतोय, आमच्याकडे असं केलं तर पेशंट काचा फोडतील.

सभेला या म्हणायला खरवडे चिकाटीनं जात राहिले. निरगुडकर आधी "बघू" म्हणाले, मग "बघतो" म्हणाले, आणि एका सोमवारी, बहुधा यांना घालवण्यासाठीच, "येतो" म्हणाले. खरवडे जिन्यावरून खाली आले ते जवळजवळ तरंगत. एवढा मोठा अधिकारी हो म्हणाला, तर त्याचे नुसते आभार मानून भागणार नाही, जाहीर सन्मान व्हायला हवा, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि पुण्यात जाहीर सन्मान म्हणजे फ्लेक्स.

मजकूर त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर स्वतः बसून तयार केला. अफशीनचा शब्द सॅम्पल होता. तो अर्थातच चालण्यासारखा नव्हता. खरवड्यांनी शब्दकोश काढला आणि शुद्ध शब्द बसवला. बायकोला वाचून दाखवला. ती भांडी विसळत होती. तिनं विचारलं, नमुना म्हणजे काय. ते म्हणाले, सॅम्पल.

"मग सॅम्पलच लिहा ना," ती म्हणाली. "आमच्या लॅबमध्ये एवढी सॅम्पलं येतात, पण पेशंटला कोणी नमुना म्हणत नाही. चिडतो माणूस."

खरवडे म्हणाले की हा भाषेचा प्रश्न आहे, रक्ताचा नाही.

बुधवार पेठेत संतोषचं फ्लेक्सचं दुकान होतं. निरगुडकरांचा फोटो त्याच्याकडे होताच, गणपतीतल्या कुठल्याशा बक्षीस समारंभातला. त्यात साहेब पेढा खायच्या बेतात होते. तोंड उघडं, नजर पेढ्यावर, आणि पेढा भरवणारा माणूस कापून टाकल्यामुळे हवेत नुसती बोटं. संतोषनं मजकूर वाचला, परत वाचला, आणि आपल्या परीनं खरवड्यांना वाचवायचा प्रयत्न केला.

"काका, तुम्हाला 'आदर्श' म्हणायचंय का?"

"नाही. आदर्श वेगळा, नमुना वेगळा."

"ते तर आहेच," संतोष म्हणाला आणि त्यानं मशीन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेत्रीय कार्यालयाच्या फाटकासमोर, रस्त्यापलीकडे, दोन खांबांच्या मध्ये तो फ्लेक्स लागला. भगवी किनार, मोराची पिसं, मधोमध तोंड उघडलेले साहेब, आणि खाली ठळक अक्षरांत: 'नमुना अधिकारी म्हणून निवड झाल्याबद्दल मा. श्री. श्रीधर निरगुडकर साहेब यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: नागरी अभ्यास केंद्र व समस्त मित्रपरिवार.'

कचेरी उघडायच्या आधीच फाटकासमोर माणसं जमली. पीएमटीचे ड्रायव्हर तिथे गाडी हळू करू लागले. मंडईतून गिऱ्हाइकं टोपल्या घेऊन खास वळसा घालून येऊ लागली. कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढले आणि ते ब्लूटूथवरून इतके फिरले की दुपारपर्यंत सिंहगड रोडला भाग्यश्रीच्या लॅबमध्ये पोहोचले. तिनं फोटो पाहिला, खालचा शुभेच्छुक वाचला, आणि पुढच्या पेशंटला मूठ आवळायला सांगितली. पेठेतले दोन म्हातारे बराच वेळ फ्लेक्ससमोर उभे होते. एकानं विचारलं, निवड कोणी केली असेल. दुसरा म्हणाला, कोणी का केली असेना, नि:पक्ष केली आहे.

निरगुडकर आले, गाडीतून उतरले, आणि त्यांनी तो फ्लेक्स वरच्या मोरापासून खालच्या मित्रपरिवारापर्यंत शांतपणे वाचला. मग आत गेले. थोड्या वेळानं शिपायाबरोबर केंद्राला निरोप आला: सभेला साहेब येणार नाहीत, केंद्राकडे आधीच एक नमुना आहे, तेवढ्यावर भागवावं.

खरवडे धावत गेले. फ्लेक्स उतरवायला शिडीही घेऊन गेले. पण तोवर अतिक्रमण विभागाचा कारकून तिथे पोहोचला होता. त्याचं म्हणणं असं की फ्लेक्स विनापरवाना आहे, तेव्हा तो लावणाऱ्यानं काढायचा नाही, खात्यानं काढायचा. काढण्याआधी पंचनामा करायचा. पंचनाम्यात मजकूर शब्दशः लिहायचा आणि एक प्रत मुख्य कार्यालयात पाठवायची. हे कळल्यावर निरगुडकरांनी पंचनामा थांबवला. त्यामुळे फ्लेक्स खात्याला काढता येईना आणि खरवड्यांनाही काढता येईना. तो तिथेच राहिला, आणि सभा जवळ येत चालली तशी त्याची कीर्ती पसरत राहिली.

केंद्रात संचालक खरवड्यांना काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त सगळ्यांचे ईमेल पत्ते एकत्र करायला घेतले. ते बघून आल्यावर खरवडे ताटासमोर नुसते बसले. घरी भाग्यश्रीनं, मी सांगितलं होतं, हे वाक्य एकदाही उच्चारलं नाही. ती नुसती वाढत होती, आणि ते जास्त कठीण होतं. शेवटी तीच आपल्या वाशिमच्या बोलीत म्हणाली, "अहो, कायले असे बसता? जाऊन सांगा त्याले सरळ. चूक आपली हाये." शुद्ध मराठीचा आग्रह धरायची खरवड्यांची ही वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते अफशीनला बरोबर घेऊन कार्यालयात गेले. निरगुडकरांनी त्यांना बाहेरच्या बाकावर पुरेसं बसवून ठेवलं आणि मग आत घेतलं. बसा म्हटलं नाही. केबिनच्या खिडकीतून फ्लेक्स नीट दिसत होता. आतल्या साहेबांचं तोंड मिटलेलं आणि बाहेरच्या साहेबांचं उघडं, असे दोन निरगुडकर खरवड्यांच्या समोर होते, आणि कोणाकडे बघून बोलावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

त्यांनी आधी माफी मागितली. तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण समजावून सांगण्याची खोड जात नाही. नमुना हा शब्द अपमानाचा नाही, असं ते म्हणाले. आपल्याच कार्यालयात लिहिलेलं असतं, अर्ज विहित नमुन्यात करावा.

"मग मी विहित की अविहित?" निरगुडकरांनी विचारलं.

खरवडे गडबडले. घाईघाईनं म्हणाले की मूळ शब्द सॅम्पल होता. नमुना राहू द्या, साहेब, सॅम्पल म्हणू.

"सॅम्पल," निरगुडकर म्हणाले. "मिसळीबरोबर वाडग्यात देतात ते. म्हणजे काल मी नमुना होतो आणि आज फुकटचा रस्सा."

खरवडे गप्प झाले की केबिनमध्ये किती शांतता असते, हे त्या दिवशी निरगुडकरांच्या पहिल्यांदा लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि अफशीनकडे पाहिलं. आवाजातला तिखटपणा थोडा कमी झाला होता. त्यांनी विचारलं की एवढी कार्यालयं सोडून तुम्ही माझंच का निवडलंत. प्रश्न साधा नव्हता. चिडलेल्या माणसाच्या पोटात कुठे तरी लपून बसलेली आशा त्यात होती. आपलं काही तरी चांगलं कोणाच्या तरी नजरेला आलं असेल, ही.

खरवड्यांना ती ऐकू आली. ऐकून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. एक वाक्य बोललं की काम होणार होतं. आपलं कार्य पाहून, साहेब, आपला लौकिक ऐकून. ते जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण उत्तर त्यांना विचारलेलं नव्हतं, आणि ज्या मुलीला विचारलं होतं ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती.

"निवडलं नाही, सर," अफशीन म्हणाली. "चिठ्ठ्या टाकल्या. कॉम्प्युटरवर करणार होतो, पण आमचा कॉम्प्युटर बंद होता. अब्बांच्या दुकानातल्या टोपलीत सगळ्या कार्यालयांची नावं टाकली आणि डोळे मिटून काढली. तुमचं निघालं."

झालं, असं खरवड्यांना वाटलं. नमुना म्हणून निवड झाली हा एक अपमान, आणि निवडही झाली नव्हती हा दुसरा. ते मनातल्या मनात ईमेल पत्त्यांच्या यादीतून स्वतःचं नाव वगळू लागले.

निरगुडकरांनी खिडकीबाहेरच्या फ्लेक्सकडे पाहिलं.

"कोणी नाव सुचवलं नाही?"

"नाही, सर."

"कोणाचा फोन आला नाही? कोणी नको म्हणालं नाही?"

"कोणाला माहीतच नव्हतं."

निरगुडकरांनी त्यांना बसायला सांगितलं. मग चहा सांगितला. मग, खरवड्यांकडे न बघता, स्वतःशीच बोलावं तसं बोलले. नोकरीला लागल्यापासून आपल्याला जे काही मिळालं ते कोणाच्या तरी सांगण्यावरून, आणि जे गेलं तेही. नगरसेवकांच्या वॉर्डांचं आरक्षण सोडतीनं निघतं, भर सभागृहात, सगळ्यांसमोर. तेव्हा बाजूला उभं राहून त्यांना दर वेळी वाटायचं, निदान यांचं नशीब तरी उघड्यावर ठरतं. आज पहिल्यांदा आपलं नाव कुठे तरी नुसतं निघालं. ते एवढंच बोलले आणि चहा थंड होतो म्हणाले.

नंतर त्यांनी अट घातली. जे सापडलंय ते त्याच सभेत, लोकांसमोर, आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून वाचायचं. आणि मराठीत. क्षणभर थांबून म्हणाले, "यांच्या मराठीत नाही."

सभेला म्युनिसिपल शाळेचं सभागृह घेतलं होतं. एरवी अशा सभेला पुढची रांग भरायला शिपाई बसवावे लागत. त्या दिवशी माणसं खिडक्यांत उभी होती. सगळी पेठ आली होती, कारण सगळ्या पेठेला नमुना बघायचा होता. निरगुडकर आले तेव्हा मागून हशा उठला. ते व्यासपीठावर गेले, माइक हातात घेतला आणि कार्यालयासमोरच्या फ्लेक्सवर आहे तो मीच, असं सांगितलं. तोंड मिटलं की असा दिसतो. हसणं एकदम मोठं झालं आणि मग, ज्याला हसायचं तोच आधी हसून गेल्यावर जसं विरतं, तसं विरलं.

मग अफशीननं वाचलं. तिला जे सापडलं होतं ते काही थोर नव्हतं. सभेची सूचना नियमानुसार कार्यालयातल्या फलकावर लागते. फलक प्रवेशद्वारामागच्या भिंतीवर आहे. दार आत उघडतं. कचेरी चालू असते तोवर दार उघडं असतं आणि फलक दारामागे असतो. कचेरी बंद झाली, दार लागलं, की फलक दिसू लागतो, पण आतून. कर्मचाऱ्यांच्या रांगेत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. फलकावर सूचना लावणारा शिपाई म्हणाला की लावताना त्याला ती नेहमी दिसते.

तेव्हा सरूबाई उठली. मंडईत पालेभाजी विकणारी, उभी राहिली की माइकची गरज नसलेली.

"सायेब, इतकी वर्सं मी हितं जवळच बसतीया, मला कदी कळालं न्हाई सभा असती म्हून. तुमचा फोटू दिसला म्हून आले. आता आलेच हाय तर आईका. बायकांच्या मुतारीला दिवा न्हाई. पहाटं माल उतरतो तवा आमी काय करायचं?"

निरगुडकरांनी संबंधित विभागाकडे पाठवू असं म्हटलं नाही. सूचनांचा कोरा अर्ज मागवून घेतला आणि समोरच स्वतः लिहिला, सरूबाईला वाचून दाखवला, आणि एक शब्द तिनं बदलायला लावला तो बदलला. त्यानंतर लोक उठतच राहिले. ड्रेनेज, कचऱ्याची पेटी, बुधवारातल्या एका गल्लीतला खड्डा, आणि एका गृहस्थांनी तर थेट मोरांची पिसं फ्लेक्सवर छापण्यास बंदी सुचवली. तीही लिहून घेतली गेली. दिल्लीचे पाहुणे तिसऱ्या रांगेत बसून सगळ्याचे फोटो काढत होते. एवढे लोक कसे आणलेत, असं त्यांनी विचारलं. संचालक इंग्रजीत पुष्कळ बोलले. त्यात नमुना हा शब्द नव्हता. खरवडे बाजूला उभे होते, आणि पाहुण्यांतल्या बाईंनी त्यांच्याकडे बोट करून विचारलं, की यांचं पद पुढच्या वर्षी आहे ना. संचालक म्हणाले, अर्थातच. ईमेलचं काय झालं हे विचारायची वेळ नव्हती.

गर्दी पांगल्यावर खरवडे खुर्च्या एकात एक घालून रचत होते. निरगुडकर जाता जाता थांबले आणि त्यांनी मदतीला एक खुर्ची उचलली, म्हणजे उचलून खरवड्यांच्या हातात दिली.

"खरवडे, तुम्ही या केंद्रात कसे लागलात? तुमचीही चिठ्ठी निघाली का?"

खरवड्यांनी खुर्ची खाली ठेवली. काही शुद्ध शब्द मनाशी जुळवले आणि सोडून दिले.

"नाही, साहेब. वशिल्यानं. बायकोचे मामा आणि संचालक सकाळी टेकडीवर एकत्र फिरायले जातात."

निरगुडकरांनी मान डोलावली.

"मग टिकाल," ते म्हणाले, आणि रखवालदाराला पंखे बंद करायला सांगून पायऱ्या उतरले.